एकाच घरातली दोन माणसं, दोघांची हवा वेगळी

कोथरूडमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात आजी आणि नातू. आजींचा बहुतेक दिवस घरातच जातो. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाकड्यावर तासभर गप्पा, तेवढंच बाहेर पडणं. नातू सकाळी साडेआठला दुचाकी काढतो, चांदणी चौकातून हायवेला लागतो, ट्रकांच्या आणि बसच्या मधून वाट काढत हिंजवडीला पोचतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत येतो. दोघांचा पत्ता एक, पिनकोड एक, मोबाइलवर दिसणारा हवेचा आकडाही एकच. पण दिवसभरात दोघांच्या छातीत किती धूर गेला हे मोजायला बसलं, तर हिशेब अजिबात जुळत नाही.

गंमत अशी की प्रदूषणाचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे तपासणारे बहुतेक जुने अभ्यास या दोघांना एकाच रकान्यात टाकत आले. त्यामागे काही डाव नव्हता. माणसाचा पत्ता दवाखान्याच्या नोंदीत सापडतो, सरकारी कागदांत सापडतो. तो दिवसभर कुठे कुठे फिरला, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मग घराजवळ जी हवा, तीच त्या माणसाची हवा, असं धरून पुढे जायचं. हे म्हणजे माणसाने दिवसभरात काय खाल्लं ते त्याच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून ठरवण्यासारखं झालं. टपरीवर खाल्लेला वडापाव त्यात सापडणारच नाही.

वाट्याला आलेलं प्रदूषण मोजायचं तर तीन गोष्टी लागतात. हवेत धूर किती आहे, त्या हवेत आपण किती वेळ होतो, आणि तेवढ्या वेळात आपण हवा किती आत ओढली. या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि दिवसभरातल्या सगळ्या ठिकाणांची बेरीज करायची. इतकंच.

आजी आणि नातवाचं करून बघू. डिझेलच्या धुरातली काळी पूड, म्हणजे काजळी, धरू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतले आहेत. समजा घरात एका घनमीटर हवेत ४ मायक्रोग्रॅम काजळी आहे, ऑफिसात ३ आणि गर्दीच्या रस्त्यावर २०. आजींचे २४ तास ४ च्या हवेत गेले, बेरीज ९६. नातवाचे दोन तास रस्त्यावर गेले, त्याचे ४०. नऊ तास ऑफिसात, त्याचे २७. उरलेले तेरा तास घरी, त्याचे ५२. एकूण ११९. म्हणजे आजींपेक्षा जवळपास पाव पटीने जास्त. आता त्यातले ते ४० बघा. रस्त्यावरचे दोन तास हा दिवसाचा जेमतेम बारावा भाग, पण धुराच्या बेरजेत त्यांचा वाटा तिसरा हिस्सा. शिवाय अजून श्वास धरलेलाच नाही. हँडल सांभाळत, ब्रेक मारत, खड्डे चुकवत गाडी चालवणारा माणूस खुर्चीत बसलेल्या माणसापेक्षा जास्त हवा ओढतो. ती दीडपट धरली तर रस्त्यावरचे ४० चे ६० होतात, एकूण बेरीज १३९ वर जाते, आणि नातू आजींच्या जवळपास दीडपट काजळी घेऊन घरी येतो.

हे कागदावरचं झालं. खऱ्या माणसांवर हेच मोजणारं काम बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात झालं आहे. तिथल्या संशोधकांनी काजळी मोजणारी छोटी यंत्रं आणि जीपीएस लोकांच्या अंगावर दिले आणि त्यांना नेहमीसारखं जगू दिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आठ जोडपी होती. काही घरांत एक जण पूर्णवेळ नोकरीला जाणारा आणि दुसरा घर सांभाळणारा. छप्पर एकच, तरी नवरा-बायकोच्या वाट्याला आलेल्या काजळीत ३० टक्क्यांपर्यंत फरक निघाला. पुढच्या वर्षी साठेक लोकांवर केलेल्या मोजणीत प्रवासाचा वेळ दिवसाच्या फक्त ६ टक्के होता, पण दिवसभरात वाट्याला आलेल्या काजळीपैकी २१ टक्के त्या वेळात आली, आणि श्वासाचा वेग धरल्यावर छातीत गेलेल्या काजळीपैकी सुमारे ३० टक्के. हे बेल्जियममधले रस्ते, लक्षात घ्या. कात्रज चौक नव्हे.

आता त्या जुन्या अभ्यासांकडे परत. फक्त पत्ता धरल्याने ते चुकले का? चुकले, पण एका ठरावीक दिशेने. कॅनडातलं व्हँकुव्हर आणि अमेरिकेतला दक्षिण कॅलिफोर्निया यांच्यावर २०११ साली आलेल्या एका अभ्यासाने नेमकं हेच तपासलं. लोकांचं रोजचं येणंजाणं हिशेबात धरलं नाही, तर प्रदूषणाचा आजारांशी असलेला संबंध असतो त्यापेक्षा फिका दिसतो, आणि जी माणसं घरापासून जितकी लांब आणि जितका जास्त वेळ असतात, त्यांच्या बाबतीत ही चूक तितकी मोठी. याचा अर्थ नीट पाहायला हवा. जास्त धूर घेणारी काही माणसं कमी धुराच्या रकान्यात पडली, कमी घेणारी काही जास्त धुराच्या रकान्यात, आणि दोन रकान्यांतला फरक पुसट झाला. ‘वाहतुकीच्या धुराने फारसं काही होत नाही’ असं एखाद्या पाहणीत दिसलं, तर धूर निरुपद्रवी होता की मोजणी ढोबळ होती, हा प्रश्न आधी विचारावा.

शंभर मीटरचा फरक

रस्त्यावरच्या हवेबद्दल आपल्या मनात एक चुकीचं चित्र असतं: शहरावर धुराची एक चादर पसरलेली आहे आणि सगळे तिच्याखाली सारखेच आहोत. काही प्रदूषणाच्या बाबतीत हे बरंचसं खरंही आहे. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण, गाड्यांतून येतात तसे कचरा जाळण्यातून, भट्ट्यांतून, बांधकामांतून आणि थेट दुसऱ्या जिल्ह्यांतूनही येतात. ते हवेत दिवसचे दिवस तरंगतात, त्यामुळे शहरभर थोडेफार सारखे पसरतात. गाडीच्या नळकांड्यातून नुकतीच बाहेर पडलेली काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण यांची गोष्ट वेगळी. अतिसूक्ष्म म्हणजे मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. हे सगळं रस्त्यालगत दाट असतं आणि रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने विरळ होतं. लॉस एंजेलिसच्या हायवेजवळ केलेल्या मोजण्यांत अतिसूक्ष्म कण सुमारे ३०० मीटरवर आजूबाजूच्या हवेइतके खाली आलेले दिसले. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरचा पट्टा वाहतुकीच्या धुराने सर्वांत जास्त बाधित धरला.

दिल्लीतल्या रिक्षांमध्ये २०१० साली केलेल्या मोजणीत हा भेद फार स्पष्ट दिसतो. रिक्षात बसलेल्या माणसाच्या नाकासमोरची हवा शहरातल्या सर्वसाधारण हवेशी ताडून पाहिली. पीएम २.५ सुमारे दीडपट निघाला. काजळी साडेतीनपटीहून जास्त. अतिसूक्ष्म कणांची संख्या आठपटीहून जास्त. मोबाइलवरचा हवेचा आकडा बहुतेक वेळा पीएम २.५ किंवा पीएम १० वरून ठरतो, म्हणजे तो नेमका त्याच प्रदूषणावर उभा असतो ज्यात रस्ता आणि घर यांतला फरक सगळ्यात कमी दिसतो.

त्या आकड्याची आणखी एक अडचण आहे. पुण्यात ‘सफर’ची केंद्रं पाषाण, शिवाजीनगर, लोहगाव, हडपसर अशा ठिकाणी आहेत, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ही यंत्रणा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत सुरू झाली आणि नंतर पुण्यात आली. केंद्रांचं काम शहराची हवा सांगण्याचं आहे आणि ते त्यांना जमतं. पण कणांचा निर्देशांक काढताना २४ तासांची सरासरी घेतात. नळस्टॉपच्या सिग्नलला बसच्या मागे काढलेली तुमची चार मिनिटं त्या सरासरीत कुठे विरून जातात, ते कळतही नाही.

सिग्नलचा विषय निघालाच आहे. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी गिल्डफर्ड शहरात गाडीत यंत्र ठेवून मोजलं, तेव्हा चौकांमध्ये गेलेला वेळ प्रवासाच्या फक्त २ टक्के होता, पण प्रवासात वाट्याला आलेल्या कणांपैकी चौथा हिस्सा तिथेच आला. कारण सिग्नलला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, इंजिनं चालू असतात, आणि हिरवा दिवा लागला की सगळे एकदम ॲक्सिलरेटर पिळतात. थांबलेली गाडी हलवताना इंजिन सगळ्यात जास्त ओकतं. पुण्यात हिरवा व्हायच्या आधीच पिळतात, हा वेगळा भाग.

रस्त्याचा आकारही बघावा लागतो. बाजीराव रस्त्यासारखा दोन्ही बाजूंनी इमारतींनी चेपलेला रस्ता म्हणजे धुरासाठी एक घळ असते. वरून वाहणारा वारा छपरांवरून जाताना घळीत एक भोवरा तयार करतो. वारा पश्चिमेकडून असेल तर छपराच्या उंचीवर हवा पूर्वेकडे जाते, समोरच्या भिंतीवर आपटून खाली उतरते आणि जमिनीलगत उलटी, पश्चिमेकडे फिरते. जाताना गाड्यांचा धूर सोबत घेऊन जाते. परिणाम असा की बाजीराव रस्त्यासारख्या उत्तर-दक्षिण रस्त्यावर, पश्चिमेचा वारा असताना, पश्चिमेच्या फुटपाथवर धूर जास्त साचतो. एकाच रस्त्याच्या दोन फुटपाथांवर दोन वेगळ्या हवा. मध्येच एखादी मोकळी जागा, मोठं झाड, उंच इमारत आली की हे गणित बिघडतं, त्यामुळे रोज फुटपाथ बदलत बसा असं मी म्हणणार नाही. पण डेक्कनहून नळस्टॉपकडे चालत जायचं असेल आणि कर्वे रस्त्याऐवजी प्रभात रोडच्या गल्ल्यांतून जाता येत असेल, तर चार पावलं जास्त पडली तरी तो व्यवहार फायद्याचा आहे.

या पावलांची किंमत लंडनमध्ये प्रत्यक्ष मोजून झाली आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीट हा तिथला दुकानांचा गजबजलेला रस्ता, त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सींची रांग. त्याचं पश्चिमेचं टोक हाईड पार्कच्या कोपऱ्याला भिडतं. इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दम्याच्या ६० रुग्णांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाईड पार्कात दोन-दोन तास चालायला लावलं. रस्त्यावर चालल्यावर फुप्फुसांची ताकद बागेपेक्षा जास्त घटली. तो अभ्यास २००७ साली आला. दहा वर्षांनी त्यांनी साठीच्या पुढच्या माणसांवर तसंच केलं. त्यात काही धडधाकट, काही हृदयविकाराचे, काही फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे होते. बागेत चालल्यावर श्वास सुधारला, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला आणि हा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. तेवढाच वेळ ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालल्यावर तो फायदा जवळपास धुऊन गेला. माणसं तीच, पाय तेच, वेळही दोन तासच.

कशात बसून जाता

कारच्या काचा वर करून, एसी लावून आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद ठेवून गेलं तर आतले कण बऱ्यापैकी कमी होतात. गाडीच्या आतला फिल्टर वेळेवर बदललेला असेल तर आणखी कमी. एक सांभाळायचं: हवा तीच तीच फिरवत ठेवली आणि गाडीत चार माणसं असली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, झोप येते. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी, शक्यतो ट्रकच्या मागे नसताना. काचा खाली केल्या तर मात्र तुम्ही रस्त्यातच बसला आहात असं समजा.

दुचाकीवाला, रिक्षावाला, बसस्टॉपवर उभी असलेली बाई, यांना काच नाही. इथे मला एक गोष्ट फार खटकते. माणशी सगळ्यात जास्त धूर एकट्या माणसाला घेऊन जाणारी मोठी कार सोडते, आणि त्या धुरापासून सगळ्यात सुरक्षितही तिच्या आत बसलेला तो एकटा माणूसच असतो. मागच्या दुचाकीवर वडिलांच्या पुढ्यात उभं असलेलं शाळकरी पोर मात्र नेमकं नळकांड्यांच्या झोतात असतं. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात.

बसमध्ये माणूस उंचावर बसतो, ते बरं. पण स्टॉपवर दारं उघडली की बाहेरचं आत येतं, आणि बसपेक्षा बसची वाट बघणंच अनेकदा महागात पडतं, कारण स्टॉप नेमका कडेला, जिथे गाड्या थांबतात आणि सुटतात तिथे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी अशी सुरू झाली. ती बरीचशी खांबांवरून जाते, धुराच्या झोतापासून दूर. भुयारी मेट्रोचं चित्र सगळीकडे तसं नसतं. लंडनच्या जुन्या भुयारी रेल्वेत चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची बारीक पूड वरच्या रस्त्यांपेक्षा जास्त कण हवेत भरते. तो धूर नव्हे, आणि त्याचा परिणाम धुरासारखाच होतो असं धरून चालता येत नाही. पण ‘जमिनीखाली म्हणजे स्वच्छ’ हेही खरं नाही.

विजेवरच्या गाड्यांनी नळकांड्याचा धूर जातो, ही मोठीच गोष्ट. टायर आणि ब्रेकची झीज आणि रस्त्यावरची धूळ उडणं तेवढं राहतं.

आता स्कार्फ. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा गुंडाळतात आणि बाहेरगावचे लोक ते बघून हैराण होतात. ऊन, धूळ, केस यांसाठी तो उत्तम आहे. पण अडीच मायक्रोमीटरहून बारीक कणांना सुती कापडाची वीण म्हणजे सताड उघडं दार. काठमांडूमध्ये मिळणाऱ्या, धुऊन वापरायच्या साध्या कापडी मास्कची तपासणी झाली तेव्हा बारीक कणांसमोर त्यांचा उपयोग नगण्यच निघाला. नीट बसणारा एन ९५ मास्क कण अडवतो. दाढी असेल किंवा नाकाजवळ फट राहिली तर हवा फटीतूनच येणार. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू आहेत, त्यांना हा मास्क अडवत नाही. माझं मत विचाराल तर मास्कपेक्षा वाट बदलणं जास्त कामाचं.

घड्याळ

वाट तीच ठेवली आणि वेळ बदलली तरी फरक पडतो, आणि हिवाळ्यात तर फारच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन लवकर गार पडते आणि तिच्यालगतची हवाही. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. गार हवा जड, ती वर चढत नाही, त्यामुळे जमिनीलगतच्या हवेवर एक झाकण बसतं. पुणं टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे, त्यामुळे हे झाकण चांगलंच घट्ट बसतं. दुपारी ऊन तापलं की हवा दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते आणि धूर पातळ होतो. रात्री आणि पहाटे तोच धूर काहीशे मीटरच्या किंवा त्याहून पातळ थरात अडकतो.

सकाळी आठ ते दहा या वेळेत झाकण अजून पुरतं उठलेलं नसतं आणि शाळा-ऑफिसची गर्दी सुरू झालेली असते. म्हणजे धूर जास्त आणि त्याला पसरायला जागा कमी. सूर्यास्तानंतर पुन्हा तेच. ज्या ऑफिसांना तासभर इकडेतिकडे चालतं, त्यांनी हिवाळ्यात माणसांना अकराला यायची मुभा दिली तर गर्दी आणि हवा दोन्ही बाबतींत मदत होईल. पहाटे साडेपाचला फिरायला जाणाऱ्यांना हे ऐकवलं की राग येतो. गाड्या नसतात हे खरं, पण रात्रीचा साठलेला धूर असतो, त्यात शेकोट्यांची भर. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांना निदान उंची आणि रस्त्यापासूनचं अंतर मिळतं. हायवेच्या सर्व्हिस रोडवर पळणाऱ्यांना दोन्ही नाही.

मग चालायचं की नाही?

चालायचं. सायकलही चालवायची. जोराने पेडल मारणारा माणूस कारमध्ये बसलेल्याच्या काही पटींनी जास्त हवा ओढतो, हे खरं आहे. पण व्यायामाचा फायदाही मोठा आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दोन्ही बाजू तराजूत घातल्या. पीएम २.५ चं प्रमाण वर्षभर १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातसुद्धा सायकलचा तोटा फायद्यापेक्षा जास्त व्हायला रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवावी लागेल, आणि चालण्याच्या बाबतीत रोज दहा तासांहून जास्त. पुण्याची वर्षाची सरासरी या १०० च्या बरीच खाली असते. भारताचं स्वतःचं वार्षिक मानक ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेलं ५. त्यामुळे आपली हवा चांगली आहे असं कुणी समजू नये. पण धुराच्या भीतीने चालणं सोडून गाडी काढणं हा दोन्हीकडून तोटा.

ज्यांचं हृदय नाजूक आहे त्यांनी मात्र थोडं जपावं. जर्मनीत ऑग्सबर्ग इथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ६९१ लोकांना विचारलं की त्याआधीच्या तासांत तुम्ही कुठे होता. वाहतुकीत असणं आणि त्यानंतर तासाभरात झटका येणं यांचा संबंध ठळक निघाला, धोका जवळपास तिप्पट. कारवाल्यांत, तसाच बसने आणि सायकलने जाणाऱ्यांतही. यात धूर किती, गोंगाट किती आणि उशीर होतोय या तणावाचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. पण तिन्ही एकाच जागी मिळतात हे आपल्याला सांगायला नको.

ज्यांना हलता येत नाही

इथपर्यंत नातू तोट्यात आणि आजी फायद्यात आहेत. हे नेहमीच असं नसतं. समजा आजींचं घर कोथरूडच्या आतल्या गल्लीत नसून नगर रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे, असं आहे आणि नातू रोज एखाद्या झाडीतल्या निवांत संस्थेत कामाला जातो. आता नातवाचे नऊ-दहा तास चांगल्या हवेत गेले. आजींचे चोवीसही तास रस्त्यावरच्या हवेत. भूगोलतज्ज्ञ मेइ-पो क्वान यांनी हाच मुद्दा मांडला आहे: माणसं फिरतात तेव्हा त्यांच्या घरच्या हवेचं टोक बोथट होतं, वाईट जागचा माणूस थोडा सुधारतो, चांगल्या जागचा थोडा बिघडतो, आणि दोघेही सरासरीकडे सरकतात. जे फिरतच नाहीत, ते टोकालाच राहतात. आणि घरात स्वच्छ हवा असते असंही नाही. फोडणी, उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

सगळ्यात वाईट अवस्था अशांची, ज्यांचं राहणंही रस्त्याकडेला आणि कामही रस्त्यावरच. पथारी लावून बसलेली भाजीवाली, चौकातला वाहतूक पोलिस, रिक्षावाला, दिवसाला डझनावारी पार्सलं पोचवणारा मुलगा. त्याला वाट निवडता येत नाही, ती ॲप निवडतं, आणि ॲपला सगळ्यात कमी धुराची नव्हे, सगळ्यात कमी मिनिटांची वाट हवी असते. वर मी प्रभात रोडच्या गल्लीतून जा म्हणालो, तो सल्ला ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. भाजीवालीला त्याचा काय उपयोग? तिच्यासाठी मंडईची जागा, बसस्टॉपची जागा, सिग्नलला किती गाड्या किती वेळ तुंबतात, शाळा आणि दवाखाने मोठ्या रस्त्याला चिकटवून बांधायचे की नाही, हे ठरवणारे महापालिकेचे कागद महत्त्वाचे. त्या कागदांत आजही लोकांची घरं मोजली जातात. त्यांचे रस्त्यावरचे तास कोणी मोजत नाही.

तोवर एक छोटी गोष्ट आपल्या हातात आहे. दम्यासाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांकडे गेलात तर राहता कुठे एवढ्यावर थांबू नका. रोज कुठल्या रस्त्याने जाता, किती वाजता, कशावर, आणि मध्ये किती वेळ अडकून पडता, हेही सांगा. त्रास ऑफिसच्या दिवशी वाढतो आणि रविवारी कमी होतो, असं लक्षात आलं असेल तर ते आधी सांगा.